स्वस्त वस्तूंच्या साखळी-दुकानांत नोकरी धरण्यापूर्वी : मागच्या खोलीतून दिसलेली वाढ

घरगुती वापराच्या नानाविध वस्तू स्वस्तात विकणाऱ्या एका साखळी-दुकानांच्या कंपनीत मी ११ वर्षे काम केले. त्यातली पहिली २ वर्षे दुकानात माल लावण्यात, पुढची ६ नवी दुकाने उघडणाऱ्या गटात आणि शेवटची ३ उघडलेल्यांपैकी काही दुकाने बंद करण्यात गेली. या क्षेत्रात येऊ पाहणारी तरुण मंडळी मला बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतात : कंपनी झपाट्याने वाढते आहे, मग तिथे रुजू व्हायला हरकत काय? हरकत काहीच नाही. मात्र ती वाढ कशाच्या जोरावर चालली आहे हे ओळखता आले पाहिजे. मला ते ओळखायला फार उशीर लागला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमच्या मुख्य कार्यालयात शिरताना समोरच एक फलक होता आणि त्यावर दुकानांची एकूण संख्या लिहिलेली असे. आकडा बदलला की टाळ्या पडत. मीही मनापासून टाळ्या वाजवत असे, कारण वाढ म्हणजे तो आकडा असेच मी धरून चालले होते.

या धंद्याचा इतिहास वाचला तर पहिला धडा याच्या उलट मिळतो. फ्रँक विनफिल्ड वूलवर्थ यांनी १८७९ साली अमेरिकेतील युटिका येथे काढलेले पाच सेंटचे दुकान काही महिन्यांतच बंद पडले. त्याच वर्षी जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथे काढलेले दुकान मात्र चालले. कल्पना तीच, किंमत तीच, फरक जागेचा आणि माल निवडण्याचा. गिऱ्हाइकाला वस्तू स्वतः हाताळता यावी अशी उघडी मांडणी आणि सर्वांना एकच ठरलेली किंमत या दोन गोष्टींनी विक्रेत्याचे कौशल्य फारसे लागेनासे केले, आणि दुकानाची नक्कल करणे शक्य झाले. १९१२ मध्ये वूलवर्थ यांची कंपनी आणि तिच्यासारख्या इतर साखळ्या एकत्र आल्या तेव्हा एकूण ५९६ दुकाने झाली होती. त्याच कंपनीने १९९७ मध्ये अमेरिकेतील आपली अशी उरलीसुरली दुकाने बंद केली.

डॉलर जनरल ही आज या प्रकारातील सर्वांत मोठ्या साखळ्यांपैकी एक. १९३९ साली केंटकी राज्यातील स्कॉट्सव्हिल येथे टर्नर पिता-पुत्रांनी घाऊक व्यापार म्हणून सुरू केलेल्या या कंपनीने १९५५ मध्ये स्प्रिंगफिल्ड या छोट्या गावात ‘एक डॉलरच्या वर काहीही नाही’ असे दुकान काढले. आता तिची दुकाने २०,००० च्या पुढे गेली आहेत आणि त्यांतली बहुसंख्य लहान वस्तीच्या गावांत आहेत. मोठ्या दुकानांना परवडत नाही तिथे ही कंपनी टिकते, त्यामागचे गणित नवोदितांनी पाठच करावे : दुकान लहान, माणसे थोडी, मालाचे प्रकार मोजके, भाडे कमी, आणि वितरण केंद्रापासूनचे अंतर असे की एकाच फेरीत ट्रकला अनेक दुकाने घेता यावीत. प्रत्येक वस्तूवरचा नफा किरकोळ असतो. कमाई होते ती माल झरझर फिरल्याने. माल थांबला की सगळेच थांबते, आणि तो थांबतो ती जागा म्हणजे दुकानाची मागची खोली.

एक प्रसंग सांगते. नवे दुकान उघडून मी परतत असताना वाटेतल्या जुन्या दुकानात सहज डोकावले. एक वृद्ध गृहस्थ श्रवणयंत्राचे सेल मागत होते. हातातल्या स्कॅनरवर ४८ पाकिटे शिल्लक दिसत होती. खुंटीवर एकही नव्हते. गल्ल्यावर एकटाच असलेला मुलगा ओशाळून म्हणाला, “आतमध्ये असतील.” मी आत गेले. दार अर्धेच उघडत होते, कारण दारामागे छतापर्यंत खोकी रचलेली होती. मुख्यालयाने अंदाजाने धाडलेल्या छत्र्या, त्याखाली साबण, त्याखाली पाच आठवड्यांपूर्वी आलेली लहान खोकी, आणि त्यांतल्याच एकात ते सेल. तोवर गृहस्थ निघून गेले होते. संगणकाच्या लेखी माल दुकानात होता, म्हणून नवी मागणी जात नव्हती. शेल्फवर नव्हता, म्हणून विक्री होत नव्हती. आणि विक्री नाही म्हणून त्या वस्तूला उठाव नाही असा निष्कर्ष अहवालात उमटत होता. आणीबाणीच्या वेळी बाहेर पडण्याची वाटही खोक्यांनी अडवली होती, आणि मला सर्वांत जास्त भीती वाटली ती त्याची.

खोकी फोडायला माणसे का नव्हती? त्या दुकानातली दोन अनुभवी माणसे नव्या दुकानाची मांडणी लावायला उचलली होती. ती यादी मी स्वतः केली होती. फलकावरचा आकडा एकाने वाढावा म्हणून चालत्या दुकानाचे हात मी काढून घेतले, हे त्या अर्ध्या उघडलेल्या दाराशी मला कळले, आणि तेव्हापासून मी विस्ताराच्या प्रत्येक आराखड्याकडे याच नजरेने पाहते.

तुटीचा हिशेबही याच्याशी जोडलेला आहे. समजा १०० ला विकली जाणारी वस्तू कंपनीला ७० ला पडते आणि उरलेल्या ३० मधून भाडे, पगार, वीज जाऊन ५ हाती राहतात. ती वस्तू चोरीला गेली, फुटली किंवा मागच्या खोलीत मुदत संपून टाकून द्यावी लागली, तर बुडालेले ७० भरून काढायला तशाच १४ वस्तू विकाव्या लागतात. माणसे कमी केल्याने वाचलेला पगार अशा तुटीत कधी गेला हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण पगाराची बचत दर महिन्याला दिसते आणि तूट बहुधा मोजणीच्या दिवशी उघडी पडते.

म्हणून कोणत्याही कंपनीचा वार्षिक अहवाल हातात घेतला की एकूण विक्रीआधी जुन्या दुकानांची विक्री पाहावी, म्हणजे वर्षाहून अधिक काळ चालू असलेल्या दुकानांची आदल्या वर्षाशी केलेली तुलना. एकूण विक्री वाढत असेल आणि ही घटत असेल, तर बऱ्याचदा नवे दुकान शेजारच्या जुन्या दुकानाचीच गिऱ्हाइके खात असते. दुसरा आकडा साठ्याचा : माल विक्रीपेक्षा वेगाने वाढत असेल तर तो कुठल्या तरी खोलीत अडकला आहे.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेले नाही. डॉलर ट्री या कंपनीने २०१५ मध्ये ८ अब्ज डॉलरहून अधिक मोजून फॅमिली डॉलर ही साखळी घेतली, २०२४ मध्ये तिची शेकडो दुकाने बंद करण्याचे जाहीर केले आणि २०२५ मध्ये ती सुमारे १ अब्ज डॉलरला विकून टाकली. किमतीचे बंधनही कायमचे नसते : याच डॉलर ट्रीने अनेक वर्षे जपलेली एक डॉलरची किंमत २०२१ मध्ये सव्वा डॉलर करायला घेतली. डॉलर जनरलने २०२३ मध्ये आपल्या माजी प्रमुखांना परत बोलावले, आणि त्यानंतर कंपनीने ग्राहकांनी स्वतः बिल करण्याची यंत्रे बहुतेक दुकानांतून काढून गल्ल्यावर पुन्हा माणसे आणण्यावर भर दिला. माझ्या मते नवोदितांनी अभ्यासायचे ते हे पाऊल. दुकानांचा आकडा नव्हे.

प्रत्यक्ष सुरुवात कुठे करावी, याबद्दल माझे मत ठाम आहे. खरेदी विभाग किंवा विश्लेषक म्हणून थेट कार्यालयात जागा मिळत असली तरी पहिले सहा महिने तरी दुकानात मागून घ्यावेत. ट्रक उतरवणे, खोकी फोडणे, आराखड्याप्रमाणे शेल्फ लावणे आणि वर्षाच्या मोजणीत रात्रभर उभे राहणे, एवढे केलेल्या माणसाला पुढे कुठलाही अहवाल फसवत नाही. काम अंगमेहनतीचे आहे आणि पगार सुरुवातीला थोडा असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. दुकान व्यवस्थापकाची बढती लवकर मिळते. पण ती स्वीकारताना आठवड्याला माणसांचे किती तास मंजूर आहेत हे लेखी विचारून घ्यावे. तास अपुरे असले तर ते व्यवस्थापकालाच स्वतःच्या अंगावर काढावे लागतात.

मुलाखतीला गेलात की मागची खोली दाखवण्याची विनंती जरूर करा. कुणी नाही म्हणाले तर तेही एक उत्तरच आहे. आत गेल्यावर दार पूर्ण उघडते का आणि बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे का ते पाहा, आणि मग सर्वांत खालच्या खोक्यावरची माल आल्याची तारीख वाचा. ती चार-पाच दिवसांपूर्वीची असेल तर निर्धास्तपणे पुढचे बोलणे करा. पाच आठवड्यांपूर्वीची असेल, तर कंपनी यंदा किती नवी दुकाने उघडणार आहे आणि ती लावायला माणसे कुठून आणणार आहे, हे तिथेच उभे राहून विचारा.