खाली बसवलेली गाडी वळणावर पुन्हा कशी स्थिरावली

माझी सेकंडहँड हॅचबॅक आधीच्या मालकाने कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग आणि शॉकचा एकत्र संच) टाकून जवळपास 60 मिमी खाली आणलेली होती. दिसायला देखणी, पण घाटातल्या वळणावर खड्डा आला की पुढचं चाक उडायचं आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढायचं.

गाडी चाकांवर उभी ठेवूनच खाली वाकून पाहिलं. पुढचे लोअर आर्म (चाकाला चासीशी जोडणारे खालचे दांडे) चाकाकडे वर चढलेले होते. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनचा प्रकार) असं झालं की रोल सेंटर, म्हणजे वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो, म्हणजे गाडी बुटकी होऊनही वळणात जास्त कलू शकते.  खरं कारण हेच होतं, शॉक ठीक होते.

माझ्या कॉइलओव्हरची खालची ब्रॅकेट आट्यांवर फिरते, म्हणून उंची तिथूनच वाढवली. स्प्रिंगखालची रिंग हलवली असती तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबलेली असते ते, बदलला असता. आर्म जमिनीला जवळपास समांतर आले तिथे थांबलो, मूळ उंचीपेक्षा साधारण 30 मिमी खाली. माप हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यावं, म्हणजे टायरच्या हवेचा फरक पडत नाही.

आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट सैल करून, गाडीचं वजन चाकांवर असतानाच पुन्हा आवळले. हे काही गॅरेजवाले टाळतात, आणि मग रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) शेवटी, कारण उंची बदलली की टो, म्हणजे चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बदलतोच. थोडं चालवल्यावर उंची पक्की धरणाऱ्या लॉक रिंगा पुन्हा तपासल्या.