डोलत्या हवेत थेंब किती मागे राहतो, हे कसं मोजावं

ध्वनिलहरीत हवा पुढे-मागे डोलते. धुराचा बारीक कण तिच्याबरोबर डोलतो, मोठा थेंब जडत्वामुळे मागे राहतो. किती मागे, ते घरीही मोजता येतं.

1 मीटर लांब, 5 सेंटिमीटर व्यासाची पारदर्शक नळी आडवी ठेवा. एक तोंड घट्ट बंद करा, दुसऱ्याला स्पीकर लावा. 172 हर्ट्झच्या आसपास अनुनाद सापडेल, म्हणजे नळीतली हवा सगळ्यात जोरात डोलेल. काचेच्या कांडीतून लेझरचा पातळ पडदा नळीच्या मध्यावर पाडा आणि किरण डोळ्यांत जाऊ देऊ नका. कॅमेऱ्याचं एक्सपोजर 1/30 सेकंद ठेवा, म्हणजे एका फोटोत पाच-सहा दोलनं येतात.

आवाज वाढवला की नीट दिसतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते मुळीच ऐकू नका. आवाज वाढला की नळीत संथ भोवरे तयार होतात आणि दोलनाबरोबर वाहणंही फोटोत येतं. विझवलेल्या काडीचा थोडा धूर आत सोडा. प्रत्येक कणाची सरळ आडवी रेघ दिसली पाहिजे. रेघ तिरकी झाली की आवाज कमी करा. या रेघेची लांबी म्हणजे हवेच्या डोलण्याची पूर्ण रुंदी. ती लिहून ठेवा.

आता थेंब. मी सगळ्यात जास्त अडलो ते इथेच. पाणी थेट नळीत फवारलं तर फवाऱ्याची हवा आत घुसते, आणि ती शांत होईपर्यंत कामाचे थेंब तळाला गेलेले असतात. म्हणून नळीच्या बरोबर मध्यावर, वरच्या बाजूला बारीक भोक पाडा, त्यावर छोटा डबा बसवा आणि फवारा डब्यात मारा. थेंब आपसूक भोकातून खाली येतात. भोक मध्यावरच हवं: तिथे हवेचा वेग सर्वाधिक असतो, पण दाब जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे अनुनाद बिघडत नाही. दुसरीकडे पाडलंत तर बिघडेल.

एवढं करूनही माझे आकडे जुळत नव्हते. कितीतरी दिवस मी स्पीकरवर संशय घेतला. दोष कोरड्या हवेचा होता. कोरड्या हवेत 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पाण्याचा थेंब सेकंदभरही टिकत नाही. मोजता मोजता तो लहान होतो, हलका होतो आणि हवेचं जास्त ऐकू लागतो. लागोपाठच्या फोटोंत एकाच थेंबाची नागमोडी रेघ रुंद होत गेली, तर समजा की तो आटतो आहे. नळी आणि डबा दोन्हींच्या आत ओला टीपकागद लावा, सगळं बंद करून रात्रभर ठेवा, मगच फवारा. पाण्याचाच आग्रह नसेल तर सरळ तेल घ्या. मिलिकनच्या विद्युतभार मोजण्याच्या प्रयोगातही पाणी आटतं म्हणूनच तेल आलं, आणि त्याचेही थेंब वरच्या बारीक भोकातूनच खाली येत.

थेंबाच्या रेघेत दोन मापं एकदम मिळतात: आडवी रुंदी डोलण्याची, उभी उतरण पडण्याची. थेंबाची रुंदी भागिले धुराची रुंदी, हे गुणोत्तर काढा. समजा ते 0.6 आलं. 1 भागिले 0.6 चा वर्ग, त्यातून 1 वजा, त्याचं वर्गमूळ, भागिले 1080 (म्हणजे 2π गुणिले 172). उत्तर साधारण 0.00123 सेकंद. हा त्या थेंबाचा प्रतिसाद-काळ, म्हणजे हवेच्या वेगाशी जुळवून घ्यायला त्याला साधारण लागणारा वेळ. त्याला 9.8 ने गुणलं की पडण्याचा वेग मिळतो, सेकंदाला 1.2 सेंटिमीटर. म्हणजे 1/30 सेकंदात 0.4 मिलिमीटर उतरण दिसायला हवी. पाण्याचा असा थेंब सुमारे 20 मायक्रॉनचा असतो.

उतरण जुळली नाही तर तो फोटो बाजूला ठेवा आणि आधी धुराच्या रेघा पुन्हा बघा. त्या खाली-वर सरकत असतील तर नळीचं एक टोक गरम झालेलं असू शकतं, बहुतेक स्पीकरचं. तो बंद करून नळी निवू द्या.