मंडळात जाताय? मग पावतीपुस्तक मागून घ्या

पोरगं नववी-दहावीत मंडळात जायला लागलं की घरून पहिला शेरा ठरलेला: "आता अभ्यास बुडणार." तो अगदीच खोटा नाही. मांडवात रात्रभर पत्ते कुटणारी मंडळं मीही पाहिली आहेत. पण मी आज ऑडिटच्या कामात आहे आणि त्याची मुळाक्षरं गल्लीतल्या तरुण मंडळात गिरवली, हेही तितकंच खरं.

नवीन पोराला ढोल नाहीतर गुलाल हवा असतो. तुम्ही वर्गणीचं काम मागा. ते कुणालाच नको असतं, त्यामुळे लगेच मिळतं. पावत्यांचे क्रमांक सलग हवेत, स्थळप्रत (पुस्तकात राहणारी प्रत) जपायची, चुकलेली पावती फाडून न टाकता 'रद्द' लिहून पुस्तकातच ठेवायची, जमलेली रोकड त्याच संध्याकाळी खजिनदाराकडे. वाणी हमखास विचारणार, "गेल्या वर्षीच्या पैशांचं काय केलंत?" पंधराव्या वर्षी मोठ्या माणसाला आकड्यांत उत्तर देता आलं की पुढे मुलाखतीत घाम फुटत नाही.

दुसरं काम परवानग्यांचं. पोलीस ठाणं, पालिका, महावितरणची तात्पुरती जोडणी. मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणी गोळा करण्यासाठी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१ क कलमाखाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. अठरा पूर्ण नसतील तर सही मोठ्यांची. पण अर्ज लिहिणं, पोच घेणं, साहेब जेवायला गेलेत म्हणून बाकड्यावर बसून राहणं तुम्हाला कोण अडवतंय? सरकारी कार्यालयाची भीती तिथेच जाते.

रक्तदान शिबिरातही अठराच्या आत रक्त देता येत नाही. नोंदणीचं टेबल मात्र सांभाळता येतं, आणि रक्तपेढीत काम करणाऱ्या तंत्रज्ञांशी ओळख होते ती तिथेच. आमच्यातला एक जण त्या टेबलावरूनच डीएमएलटीकडे, म्हणजे लॅब तंत्रज्ञानाच्या डिप्लोमाकडे वळला. देखाव्याची वायरिंग करणारा आयटीआयला गेला, तेही कुणी समुपदेशन न करता.

मुलींना आरतीच्या ताटापुरतंच बोलावणारी मंडळं अजून आहेत, सरळ सांगतो. तिथे वेळ घालवू नका. पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांत मुली मोठ्या संख्येने आहेत. १९४१ पासून चालत आलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत मुलं-मुली बरोबरीने असतात. कॉलेजात गेल्यावर राष्ट्रीय सेवा योजना आहेच: वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर.

मंडळ निवडताना अभ्यासिका आहे का बघा. पोलीस भरतीची किंवा एमपीएससीची तयारी करणारा, तुमच्याहून चार वर्षांनी मोठा दादा तिथे भेटतो, आणि कुठला क्लास फसवा आहे हे तो फुकटात सांगतो. मग गेल्या वर्षीचा जमाखर्च मागा. फलकावर लावलेला असेल तर बिनधास्त नाव नोंदवा. "बघू नंतर" असं उत्तर आलं, तर शेजारच्या गल्लीत विचारा.