नोकरी गेली, गृहकर्जाचे हप्ते थकले: बँकेकडून सवलत कशी मिळवावी

नोकरी गेली की एक सल्ला हमखास मिळतो: "तीन महिने बँक काही करत नाही, तोवर दुसरी नोकरी बघ." कृपा करून हा सल्ला ऐकू नका. तुमच्या हातात असतात ते हेच तीन महिने. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक (थकीत) कर्ज होतं. मग थोडेफार पैसे भरून भागत नाही, खातं नियमित करायला व्याजासह सगळी थकबाकी भरावी लागते.

1. दिवस मोजा. कर्जखात्याचा उतारा काढून सगळ्यात जुना थकलेला हप्ता कोणत्या तारखेचा ते पाहा. समजा, जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे हप्ते राहिलेत आणि एकाचेच पैसे जमलेत. तरी भरा. रक्कम सहसा जुन्या थकबाकीत आधी जमा होते, त्यामुळे मोजणी फेब्रुवारीपासून धरली जाते. पैसे दंडात वळते झाले नाहीत ना, तेवढं उताऱ्यावर तपासा.

2. कागद गोळा करा. नोकरी संपल्याचं पत्र, शेवटच्या पगारपावत्या, बँकेचं स्टेटमेंट. कर्जासोबत विमा घेतला असेल तर त्यात नोकरी गेल्याचं संरक्षण आहे का, तेही बघा.

3. अर्ज द्या. घोडं अडतं ते इथे. हा अर्ज नेमका कसा लिहायचा हे कळेपर्यंत मीही पुष्कळ हेलपाटे घातलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

"फोनवर बोललो, साहेब बघतो म्हणाले" याची किंमत शून्य. साहेबांची बदली होते आणि फोनवरचा माणूस दर वेळी वेगळा असतो. अर्ज लेखीच द्यायचा, दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय काउंटरवरून हलायचं नाही.

"परिस्थिती बिकट आहे, सहकार्य करावे" एवढंच लिहू नका. अशा अर्जात वरच्या कार्यालयाला पाठवण्याजोगं काहीच नसतं. आकडा लिहा: "माझा हप्ता 28,000 रुपये आहे. पत्नीच्या पगारातून दरमहा 18,000 भरू शकतो. सहा महिने एवढाच हप्ता घ्यावा आणि त्यानुसार कर्जाची मुदत वाढवावी." किराणा, औषधं, शाळेची फी वजा जाता खरोखर उरेल तेवढाच आकडा द्या. बँकेला बरं वाटावं म्हणून फुगवू नका. कबूल केलेला हप्ता चुकला की दुसऱ्यांदा कुणी ऐकून घेत नाही.

सवलत म्हणजे माफी नव्हे. व्याज चालूच राहतं, एकूण परतफेड वाढते, कर्जाच्या पुनर्रचनेची, म्हणजे हप्ता आणि मुदत अशी बदलून घेतल्याची, नोंद क्रेडिट अहवालात दिसते. तरीही घर जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं. हप्ता भरायला क्रेडिट कार्ड किंवा अ‍ॅपवरचं कर्ज मात्र अजिबात काढू नका. स्वस्त कर्ज सांभाळायला महागडं कर्ज घेऊन माणसं पार बुडालेली मी पाहिली आहेत.

4. उत्तर आलं नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद लागली नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे शुल्क नाही. कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर राष्ट्रीय आवास बँकेकडे. पुनर्रचना द्यायची की नाही हा बँकेचा निर्णय, तो लोकपाल बदलत नाही. वसुलीवाल्यांचा जाच मात्र जरूर मांडा. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करायला त्यांना मनाई आहे.

5. नोटीस आली तर ती घ्या, परत पाठवू नका. थकलेल्या कर्जापोटी बँकेला कोर्टात न जाता तारण घराचा ताबा घेऊ देणारा कायदा म्हणजे सरफेसी कायदा, 2002. त्याच्या कलम 13(2) ची नोटीस 60 दिवसांची असते. त्या मुदतीत लेखी हरकत घेतली की बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झालीच तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. वकील परवडत नसेल तर 15100 वर फोन करून विधी सेवा प्राधिकरणाची मदत मागा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना ती उत्पन्न न पाहता मोफत मिळते.

मिळकत लवकर सुरू होण्याची चिन्हं नसतील तर एकूण किती कर्ज फेडायचं बाकी आहे याचं पत्र बँकेकडून घेऊन घर स्वतःच विकायला काढा. लिलावापेक्षा चांगला भाव मिळण्याची शक्यता असते, आणि बदलत्या व्याजदराचं वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडायला दंड लागत नाही. फक्त लिलावाची जाहीर नोटीस निघायच्या आत हा व्यवहार उरका. ती निघाली की पैसे भरून घर सोडवून घेण्याचा कायद्याने दिलेला हक्क संपतो.