गोव्यात पहिला कॅमेरा घेताना

पहिल्या खरेदीत बहुतेकांचे सगळे पैसे बॉडीतच, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यातच, संपतात. तसं करू नका. ५० मिमी एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते), हवाबंद डबा आणि ओल शोषणारं सिलिका जेल एवढ्याचे पैसे आधी बाजूला काढा. उरलेल्यात चार-पाच वर्षं जुनं मॉडेल आलं तरी हरकत नाही. २४ मेगापिक्सेल भरपूर झाले.

लेन्सचा एवढा आग्रह का, ते शिगम्याच्या, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाच्या, रात्री कळतं. सोबत येणारी १८-५५ किट लेन्स ५५ मिमीवर साधारण एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफ १.८ तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. रोमटामेळातल्या, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीतल्या, ढोलवाल्याचा चेहरा १/६० सेकंदाला स्पष्ट येईलही, पण काठी धरलेला हात मनगटापासून पुढे पुसून जातो. म्हणून शटर (उजेड आत येण्याचा वेळ) १/२५० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडणं) एफ २, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२००. तरी काळोखी आली तर आयएसओ ६४०० करा, शटरला हात लावू नका. आयएसओ वाढवल्याने फोटोत येणारे दाणे, म्हणजे नॉइज, थोडाफार काढता येतो, हललेला हात सरळ करता येत नाही. एफ २ ला फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट येतो तो, मात्र जेमतेम असते, तेव्हा फोकसचा एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवा.

दुपारचा प्रश्न उलटा. मंगेशीचा पांढराशुभ्र दीपस्तंभ फ्रेमभर घेतला की राखाडी येतो, कारण कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं धरून चालतो. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा ठरवतो), एफ ८, आयएसओ १०० ठेवून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय, +१ करा.

आता पावसाळा. चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवलेल्या लेन्सला हमखास बुरशी धरते. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की जेल बदला किंवा सुकवून घ्या. जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर किती का स्वस्त असेना, घेऊ नका.

एसीच्या खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला तर काचेवर वाफ धरते. बाहेर पडल्यावर अर्धा तास तो बंद बॅगेतच राहू द्या. तोवर लेन्सही बदलू नका, नाहीतर तीच वाफ आत सेन्सरपर्यंत पोचते.