नेल टिप्स सारख्या निघतायत? या चुका टाळा

नखांवर ग्लूने चिकटवायची नकली नखं, म्हणजे टिप्स, दोन दिवसांत निघाल्या की सगळे ग्लूला नावं ठेवतात, पण खरं तर बहुतेक वेळा गडबड त्याच्या आधीच झालेली असते. नखावर हँड क्रीम किंवा तेल थोडंसं जरी राहिलं ना, तरी ग्लू नीट धरत नाही. म्हणून हात धुवून पूर्ण कोरडे करा, क्युटिकल (नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी) मागे सारा, बफर (नख घासायची मऊ फाइल) अगदी हलका फिरवा, अल्कोहोलने पुसा आणि मग त्या नखाला बोटसुद्धा लावू नका.

साइजमध्ये पण घोळ होतो. लहान टिप दाबून बसवली की कडेने उचकटते, मोठी असली की कातडीवर चढते. दोन साइजच्या मधलं नख असेल तर मोठी घ्या आणि कडा फाइलने घासून बसवा.

टिप एका बाजूने उचलली गेली की वरून ग्लू ओतून परत चिकटवायची, हे तर प्लीज करूच नका! आत पाणी अडकलेलं असतं, त्या ओलाव्यात स्युडोमोनास नावाचे बॅक्टेरिया वाढतात आणि नख हिरवट पडतं. असा डाग दिसला तर नेलपॉलिशने झाकू नका, टिप काढा, नख कोरडं ठेवा आणि स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.

अजून एक, जे फार कमी जणींना माहीत असतं: ग्लू सांडला तर कापसाने टिपू नका. नेल ग्लूमध्ये सायनोॲक्रिलेट असतं, ते कापसाला लागलं की एकदम तापतं, चटका बसू शकतो.

पण सगळ्यात जास्त नुकसान होतं ते काढताना. टिप ओढून काढली की तिच्याबरोबर खऱ्या नखाचा वरचा थर पण सोलून निघतो, आणि हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटरच वाढतं, म्हणजे पूर्ण नवीन नख यायला सहाएक महिने. त्यापेक्षा आजूबाजूच्या कातडीला व्हॅसलीन लावा, बोटं १५-२० मिनिटं ॲसिटोनमध्ये (नेलपॉलिश काढायला वापरतात ते द्रव) ठेवा, टिप मऊ झाली की लाकडी काडीने हळूच सरकवा, नाही सरकली तर परत भिजवा. ॲसिटोन पटकन पेट घेतं, त्यामुळे गॅसजवळ बसून हे करू नका, खिडकी उघडी ठेवा. आणि हो, ॲसिटोनमध्ये प्लास्टिकच्या टिप्स विरघळतात, त्यामुळे त्याच टिप्स परत वापरायच्या असतील तर ग्लूऐवजी चिकट टॅब लावा, ते कोमट साबणाच्या पाण्यात सुटतात.