गेटच्या आत आणि गेटच्या बाहेर: दारुगोळा कारखान्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

मे महिन्यात भुसावळ-वरणगावकडे दुपारी रस्ते ओस पडतात. तरी झेरॉक्सच्या दुकानासमोर आयटीआयची पोरं फॉर्म हातात घेऊन उभी दिसतात. मी कारखान्यातून निवृत्त झाल्याचं कळल्यापासून त्यातली बरीच घरी येतात. भरती कधी, पगार किती हे विचारून झालं की एखादा हळूच विचारतो, "काका, तिथं लागलं की तोंड बंदच ठेवावं लागतं ना?" हे लिखाण त्या प्रश्नासाठी आहे.

आधी आपल्या भागाबद्दल. भुसावळचा कारखाना 1949 चा, तिथे दारुगोळ्याच्या पेट्या, डबे बनत आले. वरणगावचा 1964 चा, तिथे काडतुसं होतात. 1 ऑक्टोबर 2021 पासून देशातल्या एकेचाळीस सरकारी शस्त्र-दारुगोळा कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. वरणगाव म्युनिशन्स इंडियात गेलं, भुसावळ यंत्र इंडियात. म्हणजे एकमेकांच्या शेजारी राहणारे दोन भाऊ आज दोन वेगळ्या कंपन्यांत असू शकतात. माझी सगळी नोकरी अशाच एका कारखान्यात झाली. कोणत्या ते लिहीत नाही.

डेंजर बिल्डिंग वर्कर म्हणून, म्हणजे स्फोटक हाताळतात त्या इमारतीतला कामगार म्हणून जायचं असेल तर आयटीआयचा एओसीपी (अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट) ट्रेड आणि दारुगोळा कारखान्यातली अप्रेंटिसशिप लागते. आता अनेक ठिकाणी ही भरती ठराविक मुदतीच्या करारावर होते. करार शेवटच्या पानापर्यंत वाचा, मुदतवाढीची अट नीट पाहा, आणि मगच घरी पेढे वाटा. करारावरचा माणूस आणि कायमचा माणूस एकाच इमारतीत, एकाच स्फोटकाजवळ उभे असतात. मला ही गोष्ट आजही खुपते.

आता मूळ प्रश्न. तोंड बंद कुठे ठेवायचं आणि कुठे उघडायचं, हे मी एका म्हाताऱ्या कामगाराकडून शिकलो. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो.

डेंजर बिल्डिंगच्या दारावर पाटी असते. आत एका वेळी किती माणसं आणि किती स्फोटक, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. काडेपेटी, मोबाइल बाहेर ठेवायचा, अंगात सुती कपडे, आणि अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून दाराजवळच्या तांब्याच्या पट्टीला हात लावून मगच आत पाऊल टाकायचं. आमच्या पाटीवर चार माणसं होती. मार्चअखेर होती, टार्गेट राहिलं होतं, आणि साहेबांनी पाचवा माणूस आत पाठवला. आप्पांनी हातातलं काम जागेवर ठेवलं, बाहेर आले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, पाटीवर चार लिहिलंय. एक जण बाहेर येऊ द्या, मग मी आत जातो." साहेब तापले. देशाला माल हवाय, तुम्हाला कळतं का, असंही म्हणाले. आप्पा जागचे हलले नाहीत. शेवटी पाचवा माणूस बाहेर आला.

त्या दिवशी मला आप्पा अडेल वाटले होते, हे कबूल करतो. 24 जानेवारी 2025 ला भंडाऱ्याजवळच्या दारुगोळा कारखान्यात स्फोट झाला, कामगार गेले. त्याची कारणं वेगळी असतील. पण ती बातमी ऐकताना मला आप्पांचा तो पाटीकडे दाखवणारा हात आठवला. हा कामगारच उद्या जिवंत राहिला नाही, तर सीमेवरच्या जवानाला काडतूस देणार कोण? म्हणून सुरक्षेबद्दल विचारायचं. सेफ्टी कमिटीत विचारायचं, वर्क्स कमिटीच्या, म्हणजे कामगार आणि व्यवस्थापनाच्या संयुक्त समितीच्या निवडणुकीत मत द्यायचं, युनियनच्या मीटिंगला बसायचं.

बंद ठेवायचं ते वेगळं. किती माल निघाला, कोणत्या दिवशी कुठे गेला, कोणत्या सेक्शनमध्ये काय चालतं, हे बायकोलाही सांगायचं नाही. शासकीय गुपिते कायदा 1923 चा आहे आणि तो आजही लागू आहे. आमच्याकडच्या एका अप्रेंटिसने कौतुकाने युनिफॉर्ममधला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मागे गेट आणि उभे ट्रक दिसत होते. मामाने तो पुढे पाठवला, मामाच्या मित्राने आणखी पुढे. पोरगा वाईट नव्हता, त्याला अभिमान होता इतकंच. त्याला समज देताना मला वाईट वाटलं. पण आतली माहिती काढायला अनोळखी बाईची मैत्रीची विनंती येते तीही असल्याच फोटोवरून, हे त्याला कळायला हवं होतं.

राजकारणाचं थोडक्यात. सरकारी नोकराला पक्षाचं सदस्य होता येत नाही, प्रचार करता येत नाही. गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावलं तरी ते नियमात अडकतं. मत मात्र बेलाशक द्या, कुणाला दिलं ते सांगू नका. कंपनी झाल्यावर, करारावर असाल तर, तुमच्यासाठीचे आचारनियम लेखी मागून घ्या.

संपाचं मात्र थोडक्यात सांगता येत नाही. कारखान्यांची कंपनी करू नये म्हणून 20 ऑगस्ट 2019 पासून देशभरच्या कारखान्यांत महिन्याचा संप पुकारला होता. तो आठवड्याच्या आत मागे घेतला गेला. 2021 मध्ये कंपनी करण्याचा निर्णय झाला आणि संघटनांनी पुन्हा बेमुदत संप जाहीर केला. त्यावर 30 जूनला अध्यादेश आला. संप केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. पुढे त्याचा कायदा झाला, एका वर्षाच्या मुदतीचा.

त्या दिवसांत माझा पुतण्या लष्करात, उत्तरेकडे होता. फोनवर म्हणाला, "काका, तुम्ही थांबलात तर आमच्याकडे माल येईल का?" मी त्याला सांगितलं, की आम्ही माल थांबवायला बसलो नाही, माल बनवणारी घरं टिकावीत म्हणून बोलतोय. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "इथं आम्हालाही काही विचारायचं असतं, पण रँकमध्ये राहून." तो चुकीचा होता असं मला वाटत नाही. मीही चुकीचा होतो असं वाटत नाही. तुम्हालाही असा फोन कधीतरी येईल.

एक गोष्ट गावकरी म्हणून. कारखान्याच्या भोवती आपली गावं आहेत, तापीचं पाणी आहे, केळीच्या बागा आहेत. नाला, रस्ता, स्थानिक पोरांची भरती यावर ग्रामसभेत विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. माहिती अधिकारात सुरक्षेशी जोडलेली माहिती नाकारता येते, नाल्यातलं पाणी कसलं आहे हे विचारणं मात्र त्या नकारात बसत नाही. आत काम करणाऱ्याने हा प्रश्न आतल्या माहितीच्या आधारे विचारू नये, एवढं पाळायचं. शेजारच्या शेतकऱ्याने विचारला तर त्याला अडवू नका.

पहिल्या दिवशी एक वही घ्या. थोडक्यात टळलेला प्रत्येक अपघात फोरमनला सांगा, रजिस्टरमध्ये मराठीत का होईना लिहायला लावा. स्वतःच्या वहीत मात्र फक्त तारीख आणि "सांगितलं" एवढंच लिहा, कारण संध्याकाळी गेटवर झडती होते आणि आतला एकही आकडा बाहेर न्यायचा नसतो.